उष्टीं कोणीं काढावीं ?

एका भाषेंतील शब्द दुसऱ्या भाषेच्या घरीं पाहुणा म्हणून गेला, कीं यजमान आपल्या सोयीप्रमाणें त्याचा पोशाख बदलून टाकतात. 'हिप्पी' या शब्दाची मराठी घरांत अशीच गत झाली. १९७० नंतरच्या दशकांत आमचें बालपण गेलें. त्या काळीं हा शब्द कोणत्याही तत्त्वज्ञानाचा वाचक नव्हता. तो केशकर्तनालयांतील शब्द होता. कानांवर केस आले, कीं वडील माणसें "हा काय हिप्पी झालास ?" असें विचारीत आणि रविवारीं सकाळीं मुलाचें बकोट धरून त्यास न्हाव्याच्या खुर्चीवर नेऊन बसवीत. केस राखण्याच्या एका तऱ्हेस 'हिप्पी कट' असें नांवही मिळालें होतें. १९७१ सालीं देव आनंद यांचा 'हरे रामा हरे कृष्णा' हा चित्रपट आला, आणि चिलीम, माळा, काठमांडूच्या गल्ल्या व घराला पारखी झालेली बहीण यांचें चित्र मध्यमवर्गाच्या मनावर कायमचें उमटलें. खटल्याचा निकाल तेव्हांच लागला. आरोपीचें म्हणणें काय आहे हें ऐकण्याची फारशी कोणास गरज भासली नाहीं.

आतां अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर या खटल्यांत दोन प्रकारचे वकील आढळतात. एक म्हणतात, हे लोक आळशी, अमंगळ आणि व्यसनी होते. दुसरे म्हणतात, यांनींच जगाला प्रेम, संगीत आणि स्वातंत्र्य शिकविलें. दोघांचीही दृष्टि दिवाणखान्यांतून बाहेर पाहणारी आहे. केस, कपडे, गाणें आणि धूर एवढेंच त्यांस दिसतें. आम्हांस या चळवळीकडे निराळ्या बाजूनें, म्हणजे माजघराच्या बाजूनें, पाहावेंसें वाटतें. मुक्त माणसांची पंगत उठल्यावर उष्टीं कोणीं काढलीं, हा तो प्रश्न होय. प्रश्न क्षुद्र दिसतो खरा. परंतु स्वातंत्र्याच्या पुष्कळशा कल्पनांची परीक्षा व्यासपीठावर न होतां मोरीपाशीं होते, असा आमचा समज आहे.

प्रथम आरोपीच्या बाजूनें जें बोलावयाचें तें बोलून घेऊं. दुसरें महायुद्ध संपल्यावर अमेरिकेंतील मध्यमवर्गास जें सुख लाभलें, तें तोंपर्यंत जगाच्या इतिहासांत एवढ्या मोठ्या समुदायास क्वचितच लाभलें असेल. स्वतःचें घर, दाराशीं मोटार, स्वयंपाकघरांत शीतकपाट आणि मुलांना कॉलेजचें शिक्षण, हें सारें त्या वर्गाच्या आटोक्यांत आलें. पण ज्या राज्यानें हें सुख दिलें, तेंच राज्य त्या घरांतील तरुणांस सक्तीनें सैन्यांत भरती करूं शकत होतें. १९६८ सालीं व्हिएतनाममध्यें पांच लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक होते. ज्या शेतकऱ्यानें आपलें कांहीं बिघडविलें नाहीं, त्याच्या गांवावर आग कां ओतावयाची, असा प्रश्न विशीच्या मुलांस पडला असेल, तर त्यास पोरकटपणा म्हणतां येत नाहीं. बापाची समृद्धि आणि राज्याचें युद्ध हे एकाच कारखान्याचे दोन माल आहेत, असें त्यांस वाटूं लागलें. म्हणून त्यांनीं दोहोंकडेही पाठ फिरविली. आमच्या देशास यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. राज्य आणि वैभव टाकून रात्रीं बाहेर पडलेल्या राजपुत्राची कथा आपण अडीच हजार वर्षें सांगत आलों आहों. जेवावयास न मिळालेला मनुष्य ताट शोधतो; ताट लोटून देण्याचा विचार पोट भरलेल्यासच सुचतो.

१९६७ च्या जानेवारीच्या १४ तारखेस सॅन फ्रॅन्सिस्को येथील गोल्डन गेट उद्यानांत या तरुणांचा मोठा मेळा भरला, आणि वृत्तपत्रांनीं ती वार्ता देशभर नेली. त्याच वर्षींच्या उन्हाळ्यांत त्या शहरांतील हेट-ॲशबरी या जुन्या, स्वस्त भाड्याच्या वस्तींत सुमारें एक लाख तरुण-तरुणी येऊन गेलीं असा अंदाज केला जातो. कोणी केसांत फुलें माळून आलीं, कोणी घरीं चिठ्ठी ठेवून, तर कोणी चिठ्ठीही न ठेवतां आलीं. एक लाख पाहुणे, आणि यजमान कोणीच नाहीं ! आषाढींत पंढरपुरास याहून पुष्कळ मोठा समुदाय लोटतो. परंतु तेथें दिंडी असते, दिंडीला क्रम असतो, शिधा असतो, मुक्काम ठरलेला असतो, आणि एकादशी झाल्यावर वारकरी आपल्या शेताकडे परततो. हेट-ॲशबरीच्या वारीस परतीचा रस्ता ठाऊक नव्हता.

या अव्यवस्थेंत ज्यांनीं चूल पेटविली त्यांचें नांव 'डिगर्स', म्हणजे खणणारे. हें नांव त्यांनीं इंग्लंडच्या इतिहासांतून उचललें होतें. १६४९ सालीं, राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाल्यावर, जेरार्ड विन्स्टन्ली व त्याचे सोबती सरे परगण्यांतील सेंट जॉर्जेस हिल या टेकडीवरच्या पडीक जमिनींत भाजीपाला लावूं लागले. भूमि सर्वांची आहे, म्हणून पीकही सर्वांचें, असें त्यांचें म्हणणें होतें. जमीनदारांनीं त्यांस लवकरच हुसकून लाविलें. तीनशेंहून अधिक वर्षांनंतर त्यांच्या या अमेरिकन वारसांनीं उद्यानाच्या एका पट्टींत रोज फुकट अन्न वाटण्याचा उपक्रम १९६६ सालीं सुरू केला. अन्न घेण्यापूर्वीं एका मोठ्या पिवळ्या लाकडी चौकटींतून पलीकडे जावें लागे. चौकट ओलांडतांना जगाकडे पाहण्याची दृष्टि बदलावी, असा त्यांतील संकेत होता. कॉफीच्या रिकाम्या डब्यांत कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचे पाव भाजीत. फुकट वस्तूंचें दुकानही त्यांनीं चालविलें.

मराठी वाचकास फुकट अन्नाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाहीं. माधुकरी मागून व वार लावून जेवून विद्या संपादन केलेल्यांच्या कथा आपण वडिलांच्या तोंडून ऐकल्या आहेत. फरक एवढाच, कीं आपल्या पद्धतींत देणारा आणि घेणारा एकमेकांस ओळखत असत, आणि घेणाराच्या डोक्यावर अध्ययनाचें ऋण असे. डिगर्सना हें ऋणच नको होतें. येथें कोणी दाता नाहीं व कोणी याचक नाहीं, असें त्यांस दाखवावयाचें होतें. कल्पना उदात्त होती. परंतु घाऊक बाजारांत जाऊन उरलेली भाजी मागून आणावयाची, ती चिरावयाची, मोठमोठ्या हंड्यांत शिजवावयाची आणि वाहून न्यावयाची, हें काम बहुतांशीं त्या मंडळींतील स्त्रियाच करीत. पत्रकें काढणाऱ्या आणि नाट्यप्रयोग करणाऱ्या पुरुषांचीं नांवें इतिहासांत राहिलीं. हंडा उचलणाऱ्यांचीं फारशीं राहिलीं नाहींत. जुना संसार मोडून उभारलेल्या नव्या जगांतही पाटावर कोण बसावें व पंक्तींतून कोणीं वाढावें, हें जुनेंच राहिलें !

आमच्या धर्मशास्त्रानें इतर तीन आश्रमांचा भार गृहस्थावर घातला आहे, हें सर्वश्रुत आहे. यतीनें भिक्षेस केव्हां निघावें याविषयीं मनुस्मृतींत जो नियम आहे, तो मात्र तितकासा ध्यानांत घेतला जात नाहीं. स्वयंपाकघरांतला धूर थांबावा, मुसळ स्वस्थ व्हावें, निखारे विझावेत, घरचीं माणसें जेवावींत, भांडीं उचललीं जावींत. मग यतीनें दारांत उभें राहावें, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ज्यानें संसार सोडला त्यानें संसार करणाराचा एक घासही वाढवूं नये, जें उरलें असेल त्यावर निर्वाह करावा. केवढा हा हिशेबीपणा ! संन्यास हा आमच्याकडे स्वैराचार कधींच मानला गेला नाहीं. गृहस्थाश्रमाहून कडक अशी ती एक शिस्त होती. उचललेलीं भांडीं कोणीं उचललीं, हें मात्र तेथेंही लिहिलेलें नाहीं. स्मृतिकारासही तें विचारावेंसें वाटलें नसावें.

हेट-ॲशबरीस ही शिस्त लाभली नाहीं, त्याचें फळ त्याच वर्षीं दिसलें. १९३८ सालीं स्वित्झर्लंडमध्यें आल्बर्ट हॉफमन यांच्या प्रयोगशाळेंत तयार झालेलें एल्. एस्. डी. हें रसायन मोक्षाचा जवळचा मार्ग म्हणून हातोहात फिरूं लागलें. मोक्ष जर गोळी गिळून मिळत असेल, तर यमनियमांची दगदग कोण करील ? जोन डिडिअन या लेखिकेनें त्या वस्तीवरील आपल्या प्रसिद्ध निबंधांत पांच वर्षांच्या एका मुलीची हकीकत दिली आहे; तिला हें रसायन तिच्या आईनेंच दिलें होतें. या एका वाक्यापुढें प्रेमाचीं व फुलांचीं सारीं गाणीं थिजून जातात. जेथें कोणीच वडील व्हावयास तयार नसतो, तेथें मुलें पोरकीं होतात, मग आईबाप शेजारीं बसलेले कां असेनात.

तथापि याच वस्तींत १९६७ च्या जूनमध्यें डेव्हिड स्मिथ नांवाच्या तरुण डॉक्टरानें एक मोफत दवाखाना उघडला. व्यसनानें भ्रमिष्ट झालेल्यांस, गुप्तरोगानें पीडलेल्यांस आणि नुसतेंच उपाशी व आजारी असलेल्यांस तेथें उपचार मिळत. कोणास उपदेश केला जात नसे व कोणास पोलिसांच्या स्वाधीन केलें जात नसे. आरोग्य हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, हें त्या दवाखान्याचें सूत्र होतें. त्याच वर्षीं ऑक्टोबरच्या ६ तारखेस हेट-ॲशबरीच्या रहिवाशांनीं रस्त्यांतून एक शवपेटी मिरवीत नेली आणि 'हिप्पी मेला' असें जाहीर करून त्याचा अंत्यविधि केला. वृत्तपत्रांनीं निर्माण केलेल्या त्या बाहुल्यास त्यांनीं आपल्याच हातानें मूठमाती दिली. मिरवणूक संपली. दवाखाना मात्र पुढें कित्येक दशकें उघडत राहिला.

आमच्या विवेचनाचा मुख्य धागा येथेंच आहे. या चळवळीचे दोन वारसदार निघाले. एक बाजार, त्यानें वेष घेतला. बाजारास तत्त्वज्ञानाचें वावडें नसतें. विकतां येईल एवढाच भाग तो कापून घेतो. विरलेल्या जीन्स, मण्यांच्या माळा, रंगीबेरंगी कुडतीं हीं लवकरच दुकानांत टांगलेलीं दिसूं लागलीं. १९७१ सालीं कोकाकोला कंपनीनें इटलींतील एका टेकडीवर नाना देशांचे तरुण उभे करून त्यांच्याकडून स्नेहाचें गाणें गाववून घेतलें, आणि ज्या पिढीनें बाजारास नाकारलें होतें तिचीच मुद्रा पेयाच्या बाटलीवर उमटली. दुसरा वारसदार म्हणजे ज्यांनीं रोजचें काम घेतलें ते. वेष घेणारांची संख्या मोठी, काम घेणारांची लहान. परंतु आज आपल्या जीवनांत त्या चळवळीचें जें कांहीं जिवंत आहे, तें बहुतेक या दुसऱ्यांकडून आलेलें आहे.

टेनेसी राज्यांतील 'द फार्म' या वसाहतीचें उदाहरण घ्या. स्टीफन गॅस्किन या शिक्षकाच्या मागोमाग सॅन फ्रॅन्सिस्कोहून जुन्या बसगाड्यांचा तांडा निघाला, आणि १९७१ सालीं सुमारें तीनशें माणसें तेथील रानांत उतरलीं. सर्वांनीं आपापला पैसा एका थैलींत टाकला, सोयाबीन पेरलें, दारिद्र्याचें व्रत घेतलें. पुढें वस्ती हजारावर गेली. प्रवासांत बसमध्येंच बायका बाळंत होऊं लागल्या, तेव्हां स्टीफनची पत्नी आयना मे हिनें व तिच्या मैत्रिणींनीं स्थानिक डॉक्टरांकडून शिकून सुइणीचें काम पत्करलें. १९७६ च्या भूकंपानंतर ग्वाटेमालांत मदतीस गेलेल्या या लोकांची तेथील सुइणींशीं गांठ पडली. बाळाचा खांदा अडला असतां आईस हातांवर व गुडघ्यांवर रेलावयास सांगण्याची त्यांची रीत आयना मे हिनें शिकून घेतली. प्रसूतिशास्त्रांत ती रीत आज तिच्याच नांवानें ओळखली जाते. दैवयोग पाहा : ग्वाटेमालाच्या सुइणीचें ज्ञान, आणि नांव अमेरिकन बाईचें ! तरी पण ज्ञान टिकलें, मुलें वांचलीं, हें थोडें नव्हे. एका थैलीचा संसार मात्र टिकला नाहीं. कर्ज वाढलें, आणि १९८३ सालीं प्रत्येकानें आपापलें कमवावें व वस्तीचा खर्च वांटून भरावा असें ठरलें. बरेच लोक निघून गेले. थैली फाटली, सुइणी राहिल्या.

दुसरें उदाहरण पुस्तकाचें आहे. १९६८ सालीं स्ट्यूअर्ट ब्रँड यानें 'होल अर्थ कॅटलॉग' नांवाची एक विलक्षण सूची काढली. रानांत राहावयास निघालेल्यांस कुदळ कोठें मिळेल, विहीर कशी खणावी, मधमाशा कशा पाळाव्या, कोणतें पुस्तक वाचावें, हें सारें तींत होतें. स्वप्न पाहणाऱ्यांच्या हातीं कोणीतरी अवजारांची यादी दिली ! पुढें घरगुती संगणक निर्माण करणाऱ्या अनेक तरुणांवर या सूचीचा ठसा होता. भारतांत भटकून गेलेले स्टीव्ह जॉब्स यांनीं २००५ सालच्या एका पदवीदान समारंभांतील भाषणांत तिचा गौरवानें उल्लेख केला. आमच्या विद्यार्थ्यांच्या खिशांतील यंत्राची एक मुळी त्या कुदळीच्या पानापर्यंत जाते.

आतां आपल्या अंगणाकडे वळूं. कारण हे लोक आपल्या दाराशींही आले होते. इस्तंबूल, तेहरान, काबूल, पेशावर, लाहोर, दिल्ली, काठमांडू असा त्यांचा खुष्कीचा मार्ग होता; १९७९ सालीं इराणांत क्रांति झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानांत रशियन फौजा शिरल्या, आणि तो मार्ग बंद पडला. काठमांडूहून उतरलेले पुष्कळजण हिंवाळ्यांत गोव्यास येत. १९६१ च्या डिसेंबरांत मुक्त झालेल्या गोव्यानें दहा वर्षांच्या आंत ही दुसरीच मुक्ति हणजुण्याच्या किनाऱ्यावर उघडी पडलेली पाहिली. या पाहुण्यांचें दारिद्र्य आणि कोळ्याच्या झोपडीचें दारिद्र्य यांत एक मोठा भेद होता : पाहुण्याच्या पिशवींत पारपत्र होतें. वाटेल तेव्हां गरीब होणें व वाटेल तेव्हां तें थांबविणें, ही श्रीमंतीचीच एक तऱ्हा नव्हे काय ? तरी त्यांतही 'आठ बोटांचा एडी' म्हणून ओळखला जाणारा एक अमेरिकन होता. त्यानें हणजुण्यास येणाराजाणाऱ्यांसाठीं अन्नाचें भांडें चुलीवर ठेविलें, आणि २०१० सालीं गोव्यांतच देह ठेविला. पैसे संपलेल्या पाहुण्यांनीं आपल्या चीजवस्तु जेथें विकावयास मांडल्या, तोच हणजुण्याचा बुधवारचा बाजार झाला. पुढें तेथें लमाणी स्त्रिया व काश्मिरी व्यापारी दुकानें मांडूं लागले. बाजार तेथेंही वारस ठरलाच.

या पाहुण्यांपैकीं ज्यांनीं येथील विद्येपुढें मान लवविली, त्यांची गोष्ट निराळी. पंडित रविशंकर यांनीं १९६७ सालीं माँटेरे येथें व १९६९ सालीं वुडस्टॉक येथें या तरुणांपुढें सतार वाजविली. परंतु धुंदींत संगीत ऐकणारांविषयींची आपली नापसंती त्यांनीं कधीं लपविली नाहीं. पुण्याच्या अय्यंगार गुरुजींचें 'लाइट ऑन योग' हें पुस्तक १९६६ सालीं प्रसिद्ध झालें, आणि १९७५ सालीं त्यांची संस्था उभी राहिली. तेथें येणाऱ्या परदेशी शिष्यास गोळी मिळत नसे. गुडघा सरळ ठेवण्याची आज्ञा मिळे. जे टिकले ते गुडघा सरळ ठेवून टिकले.

हा सारा ऊहापोह केवळ इतिहासाचा असता, तर आम्हीं वाचकांस एवढें श्रमविलें नसतें. दोन वर्षांपूर्वीं एक सद्गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आले. मुलगा आमचा माजी विद्यार्थी; चांगल्या वेतनाची नोकरी सोडून चार मित्रांसह कोंकणांत जमीन घेऊन राहण्याचें त्यानें ठरविलें होतें. "सर, तुमचा शब्द तो मोडणार नाहीं. हीं हिप्पी लोकांचीं थेरें आहेत, त्याला समजवा," असें वडील म्हणाले. आम्हीं त्यास मातीविषयीं वा पैशाविषयीं कांहींच विचारलें नाहीं. "तेथें स्वयंपाक कोण करणार ? उष्टीं कोण काढणार ? आणि एखाद्यास ताप आला तर त्याची पाळी कोण घेणार ?" एवढेंच विचारलें. मुलगा हंसला. "सर, भांडण नको म्हणून पहिल्यांदां तेंच ठरवलं. पाळीचा कागद भिंतीवर लावलाय," असें सांगून तो क्षणभर थांबला आणि हलक्या आवाजांत म्हणाला, "आमच्या घरीं मात्र असा कागद कधीं नव्हता. आई आणि कामाच्या मावशी, दोघीच." वडिलांनीं भिंतीवरील दिनदर्शिकेकडे पाहिलें, तींत तारखांखेरीज कांहीं नव्हतें. मुलगा गेला. पांचांपैकीं दोघे पहिल्याच पावसाळ्यांत परतले. तो व आणखी दोघे अजून तेथें आहेत. वडील गतवर्षीं चार दिवस राहून आले. "मलाही पाळी लावली हो !" असें त्यांनीं आम्हांस सांगितलें, त्या बोलण्यांत तक्रार किती आणि अभिमान किती, याची वांटणी आम्हांस करतां आली नाहीं.

हिप्पी लोकांवर मध्यमवर्गाचा मुख्य आक्षेप असा, कीं ते दुसऱ्याच्या श्रमावर जगले. आक्षेप पुष्कळ अंशीं खरा आहे. पण ज्या घरांतून तो घेतला जातो, त्या घरांतही जेवून उठलेल्या पुरुषाचें ताट आपोआप मोरीकडे चालत गेलेलें कोणीं पाहिलेलें नाहीं. त्यांनीं संसाराबाहेर राहून जें केलें, तेंच आपण संसारांत राहून करतों, आणि त्यास प्रतिष्ठा म्हणतों. तेव्हां नोकरी सोडून रानांत जाणारा तरुण असो कीं घराचे हप्ते फेडणारा गृहस्थ असो, दोघांनाही एकच प्रश्न विचारणें न्यायाचें होईल. साठ वर्षांपूर्वींच्या त्या लाखभर मुलांपैकीं ज्यांस तो प्रश्न कळला, त्यांनीं दवाखाने चालविले, बाळंतपणें केलीं, कॉफीच्या डब्यांत पाव भाजले. ज्यांस कळला नाहीं, त्यांचे कपडे तेवढे दुकानांत राहिले.